मंगेशकर आडनावाचे गणित

चीनमध्ये वांग आडनावाची दहा कोटींहून जास्त माणसे आहेत. ली आडनावाची जवळपास तितकीच. चिनी सरकारने २०१९ सालच्या नोंदींवरून आकडे काढले, तेव्हा वांग, ली, झांग, लिउ आणि चेन या पाच आडनावांत मिळून ४३ कोटी ३० लाख माणसे निघाली. २०११ च्या जनगणनेत आपला अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता. पाच आडनावांत जवळजवळ चार महाराष्ट्र मावतात.

या अफाट आकड्यांसमोर एकच मराठी आडनाव ठेवून पाहावेसे वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यातल्या मंगेशी गावच्या एका मुलाने ते लावायला घेतले, तेव्हा त्याच्या घरात ते लावणारा तो एकटाच होता. वडिलांचे आडनाव ते नव्हते, आईचेही नव्हते. आज मराठी माणसाला या आडनावाची ओळख करून द्यावी लागत नाही. जिथे हिंदी सिनेमा पोहोचला तिथे ते पोहोचले. ते लावणारी या घराण्यातली माणसे मात्र अजूनही मूठभरच आहेत. एखादे आडनाव कोट्यवधींचे होते, एखादे मूठभरांचे राहते आणि बहुतेक कुणाच्या लक्षातही न येता नाहीशी होतात. हे कशाने ठरते, ते या एका आडनावाचा हात धरून चांगले कळते.

आधी त्याचा उगम. मंगेश हे शंकराचे नाव. वाघ होऊन आलेल्या शंकराला पाहून घाबरलेल्या पार्वतीने ‘त्राहि माम् गिरीश’ अशी हाक मारली आणि त्यातल्या ‘माम् गिरीश’चे मांगिरीश, मग मंगेश झाले, अशी कथा भाविक सांगतात. इतिहासाला माहीत असलेली गोष्ट याहून थरारक आहे. या देवाचे मूळ स्थान झुआरीकाठच्या कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला होते. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा १५६० साली भक्तांनी लिंग उचलले, नदी ओलांडली आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेरच्या अंत्रुज महालात, प्रियोळला आणले. तिथे देऊळ उभे राहिले आणि देवळाभोवतीच्या वस्तीला देवाचे नाव पडले. त्या वर्षी ती माणसे देव घेऊन निघाली नसती, तर मंगेशी हे गाव झाले नसते आणि आडनावही नाही.

त्याच देवळाच्या आवारात आणखी दोन आडनावांचा धागा सापडतो. पूजा करणाऱ्या घराण्याचे मूळ आडनाव नवाथे. देवाला अभिषेक करण्याचा मान त्यांच्याकडे, म्हणून लोक त्यांना अभिषेकी म्हणू लागले आणि नवाथे मागे पडले. पंडित जितेंद्र अभिषेकी या देवळाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेल्या घरातले. त्यांचा जन्म २१ सप्टेंबर १९२९ चा, लता मंगेशकरांचा २८ सप्टेंबर १९२९ चा. एका देवळाशी नाते सांगणारी दोन आडनावे आणि त्या दोन आडनावांतले दोन असामान्य गळे एका आठवड्याच्या अंतराने जन्माला आले. आडनावांचे आकडे मांडताना असे काही समोर आले की आकडा बाजूला ठेवून क्षणभर थांबावे लागते.

मंगेशकर हे आडनाव लावणारा तो मुलगा म्हणजे लताबाईंचे वडील दीनानाथ. त्यांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, मंगेशीचाच. वडील गणेशभट्ट देवळातले पुजारी. आई येसूबाई राणे, देवळाच्या सेवेत गाणे-नाचणे करणाऱ्या कलावंत समाजातल्या. त्या समाजात घर आईच्या बाजूने चालायचे, विद्या आईकडून लेकीकडे जायची. दीनानाथांनी बापाचे आडनाव घेतले नाही, आईचेही लावले नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीत हा मुलगा नावारूपाला आला, १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्याने बळवंत संगीत मंडळी काढली, आणि रंगभूमीच्या जाहिरातींतून महाराष्ट्रभर जे आडनाव पोहोचले ते होते मंगेशकर. ज्या समाजव्यवस्थेत आडनाव ही जातीची आणि बापाची खूण होती, तिच्यात एका मुलाने गावाची आणि देवाची खूण स्वतः निवडून घेतली, याचे मोल मला फार मोठे वाटते.

‘कर’ लागणारी आडनावे आपल्याला इतकी सवयीची आहेत की त्यांच्यातली ताकद जाणवत नाही. महाराष्ट्रात ४० हजारांहून जास्त गावे आहेत. प्रत्येक गावाच्या नावापुढे ‘कर’ लावता येते. म्हणजे एका प्रत्ययाच्या जोरावर हजारो आडनावे तयार करण्याची सोय या भाषेत आहे. चीनमध्ये १४० कोटी माणसांच्या वापरातली आडनावे सहा हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या पहिल्या शंभरांत ८५ टक्के लोक येतात. आपल्याकडे एका तालुक्याच्या गावांची यादी घेतली तरी शे-दीडशे आडनावे सहज तयार होतील.

शिवाय ही आडनावे गावात राहून मिळत नाहीत. मंगेशीत सगळेच मंगेशीचे; तिथे कुणाला मंगेशकर म्हणून वेगळे ओळखता येणार नाही. माणूस गाव सोडतो, परक्या ठिकाणी जातो, तिथले लोक विचारतात कुठला, आणि उत्तराला ‘कर’ चिकटतो. तेंडोलीतून बाहेर पडलेला तेंडुलकर, कोल्हापुरातून बाहेर पडलेला कोल्हापूरकर. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक ‘कर’मागे कुणाचा तरी गाव सोडल्याचा दिवस आहे. कधी दुष्काळ, कधी धर्मांतराचा धाक, कधी चाकरी, कधी नाटक कंपनी.

याउलट पाटील आणि कुलकर्णी ही आडनावे हुद्द्याची. गावोगावी एक पाटील, एक कुलकर्णी. म्हणजे या आडनावांना एक मूळपुरुष नाही, हजारो मूळपुरुष आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजी स्मिथचे तेच. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी लागायचाच. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत २४ लाख ४२ हजार ९७७ स्मिथ सापडले. ते एका लोहाराचे वंशज नव्हेत. ती हजारो भात्यांची बेरीज आहे. मोठ्या आडनावाचा मोठेपणा पुष्कळदा असा, सुरुवातीलाच अनेक ठिकाणी पेरले गेल्याचा असतो. दुर्मीळ आडनावाला बहुधा एकच बी मिळालेले असते आणि त्यावर पुढची सगळी भिस्त.

या एका बीचे पुढे काय होते, हा प्रश्न गणितात १८७३ साली शिरला. इंग्लंडमधल्या मोठमोठ्या घराण्यांची नावे नाहीशी होत चालली होती आणि वरच्या वर्गात वंशच कमकुवत होत चालला आहे, अशी चर्चा होती. फ्रान्सिस गॉल्टनला शंका आली की यात कमकुवतपणाचा काही संबंध नसेल, निव्वळ योगायोगानेही नावे बुडत असतील. त्याने हा प्रश्न एका शैक्षणिक नियतकालिकात कोडे म्हणून छापला. हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्याने ते सोडवायला घेतले आणि १८७४ साली दोघांनी मिळून निबंध लिहिला. त्यात वॉटसन चुकला. प्रत्येक आडनाव कधी ना कधी बुडणारच, असे त्याचे उत्तर आले. फ्रान्समधल्या बिएनेमेने १८४५ सालीच बरोबर उत्तर मांडले होते, पण त्याकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते. ते उत्तर असे: दर पुरुषामागे सरासरी एकाहून जास्त मुलगे असतील तर आडनाव कायम टिकण्याची थोडी आशा असते, सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल तर ते आज ना उद्या बुडणारच.

आकडे घालून पाहिले की हे गणित अंगावर येते. समजा एका मुलखात हजार पुरुष आहेत आणि प्रत्येकाचे आडनाव वेगळे. लोकसंख्या वाढतही नाही, घटतही नाही. दर पुरुषामागे सरासरी एक मुलगा. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एक नव्हे. कुणाला तीन होतात, कुणाला दोन, कुणाला एकही नाही. नेहमीच्या संभाव्यतेच्या हिशेबाने पहिल्याच पिढीत ३६८ आडनावे संपतात. कसली साथ नाही, लढाई नाही; इतकेच की ३६८ घरांत मुलगा झाला नाही. तिसऱ्या पिढीपर्यंत ६२६ गेलेली असतात. दहा पिढ्यांनंतर हजारातली साधारण १५८ उरतात. शंभर पिढ्यांनंतर, म्हणजे अडीच हजार वर्षांनी, एकोणीस-वीस. माणसे तेव्हाही हजारच आहेत, म्हणजे उरलेल्या प्रत्येक आडनावात सरासरी पन्नासच्या वर माणसे. कुणीही कुणाला हरवले नाही आणि तरी ९८० आडनावे पुसली गेली.

लोकसंख्या वाढती असली तरी सुटका सोपी नाही. आल्फ्रेड लोटकाने १९३१ साली अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांच्या जनगणनेतल्या आकड्यांवर हे गणित चालवले. तो देश तेव्हा भराभर वाढत होता. तरीही एका पुरुषापासून सुरू होणारे आडनाव कधी तरी बुडण्याची शक्यता ८२ टक्के निघाली. पुढे अणुबॉम्बच्या काळात हेच समीकरण न्यूट्रॉनसाठी वापरले गेले. एका न्यूट्रॉनपासून किती निघतात आणि साखळी पेटते की विझते, हा प्रश्न आणि एका बापाला किती मुलगे होतात हा प्रश्न, गणिताच्या लेखी एकच.

हा हिशेब हाती असला की जगाचा आडनावांचा नकाशा उलगडू लागतो. जिथे आडनावाची चाल फार जुनी, तिथे आडनावे थोडी आणि प्रचंड मोठी. चीनमध्ये ती हजारो वर्षांची आहे. शंभर पिढ्यांची चाळण तिथे खरोखर होऊन गेली आहे. कोरियातही तसेच: २०१५ च्या जनगणनेत किम आडनावाचे एक कोटी सहा लाखांहून जास्त लोक, म्हणजे दर पाचांत एक. पण तिथे आणखी एक कारण आहे. जुन्या कोरियात पुष्कळ सामान्य लोकांना आडनावच नव्हते आणि ते घ्यायची वेळ आली तेव्हा अनेकांनी मोठ्या घराण्यांचीच घेतली.

जपानने १८७५ साली प्रत्येकाला आडनाव सक्तीचे केले. तेव्हापासून जेमतेम सहा पिढ्या झाल्या. म्हणून साडेबारा कोटींच्या त्या देशात आडनावांच्या संख्येचे अंदाज एक लाखापासून पुढे सुरू होतात. फिलिपिन्समध्ये तर आडनावे एका फर्मानाने वाटली गेली. १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने वर्णानुक्रमे सुमारे ६१ हजार आडनावांचा ग्रंथ काढला आणि प्रांतोप्रांती त्याची पाने पाठवली. ज्या गावाला जे पान मिळाले त्यातून लोकांनी निवडायचे. त्यामुळे आल्बाय प्रांतातल्या ओआससारख्या गावात घरोघर एकाच अक्षराने सुरू होणारी आडनावे सापडतात.

अमेरिकेचा आकडा मात्र मला सगळ्यांत थक्क करतो. २०१० च्या जनगणनेत सुमारे २९ कोटी ५० लाख लोकांच्या आडनावांची छाननी झाली. वेगवेगळी आडनावे निघाली ६३ लाख. त्यांतली ३९ लाख आडनावे फक्त एकेका माणसाची होती. लिहिण्यातल्या चुकांचाही त्यात वाटा आहे. आडनावांच्या बाजूने मोजले तर दहातली सहा आडनावे एकट्या माणसाची. माणसांच्या बाजूने मोजले तर असा माणूस शंभरात एखादाच. दुसऱ्या टोकाला अकरा आडनावे अशी की प्रत्येकी दहा लाखांहून जास्त माणसांची. दुर्मीळ असणे हीच आडनावांची सर्वसाधारण अवस्था आहे. आपल्या कानावर मोठी आडनावे सारखी पडतात म्हणून तीच सर्वत्र आहेत असे वाटते.

आता दीनानाथांच्या घरात गॉल्टनचे गणित नेऊ. मुले पाच: लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. मीनाताई खडीकर झाल्या, आशाताई भोसले. लताबाई आणि उषाताई मंगेशकरच राहिल्या. गॉल्टनच्या रकान्यात मात्र फक्त मुलगा धरला जातो. म्हणून दीनानाथांपुढे आकडा पडतो एक. हृदयनाथ तेवढे मोजायचे. चार मुलींची बेरीज शून्य. दीनानाथ १९४२ साली एकेचाळिसाव्या वर्षी गेले आणि बारा-तेरा वर्षांच्या थोरल्या मुलीने घर उचलले. ज्या मुलीने हे आडनाव जगभर नेले, तिच्या नावापुढे या गणितात काहीच लिहिता येत नाही.

आणि तिचे मोजायचे म्हटले तर आकडे किती निसरडे! १९७४ च्या गिनेस बुकात लताबाईंच्या नावावर २५ हजार गाण्यांचा विक्रम छापला गेला आणि त्यावरून वर्षानुवर्षे वाद झाले. मोहम्मद रफींनीही हरकत घेतली. गाणे न्‌ गाणे हुडकून सूची करणाऱ्या संग्राहकांनी पुढे हिंदी चित्रपटगीतांचा आकडा पाच-सहा हजारांच्या घरात आणला. गिनेसने २०११ साली सर्वाधिक ध्वनिमुद्रणांचा मान दिला तो आशाताईंना. वीसहून जास्त भारतीय भाषांतली अकरा हजारांपर्यंत गाणी धरून. मला स्वतःला २५ हजारांपेक्षा पाच हजारांचा खरा आकडाच अधिक विलक्षण वाटतो. एक गाणे साडेतीन मिनिटांचे धरले तर पाच हजार गाणी एकामागून एक लावल्यावर बारा दिवस आणि बारा रात्रींत संपतात. अर्ध्या शतकाहून मोठी कारकीर्द, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पहाटा आणि रात्री ज्याने भरल्या तो आवाज, आणि हिंदी सिनेमातला त्याचा साठा दोन आठवड्यांहून कमी. माणसे मोजली तर आडनाव एवढेसे, मिनिटे मोजली तर गाणेही एवढेसेच. जे अवाढव्य आहे ते ऐकणाऱ्यांच्या संख्येत आहे आणि ती संख्या कोणत्याही जनगणनेत येत नाही.

आडनावाच्या हिशेबात आणखी एक मोठी गळती आहे, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या घरातली. प्रत्येकाला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. दहा पिढ्या मागे गेलो की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. त्यांतल्या एकाच पुरुषाकडून आडनाव खाली आले. रक्तात, बोलण्याच्या लकबीत, सैपाकात आणि गळ्यात मात्र १,०२४ जणांचा वाटा. वीस पिढ्या मागे १० लाख ४८ हजार ५७६ जागा आणि आडनावाची जागा तरीही एकच. तीस पिढ्या मागे १०७ कोटींहून जास्त जागा होतात, आणि त्या काळी अख्ख्या पृथ्वीवर इतकी माणसेच नव्हती. म्हणजे त्याच त्या माणसांनी आपल्या वंशवृक्षात लाखो जागा अडवलेल्या आहेत; वांग असोत की मंगेशकर, पुरेसे मागे गेलो की सगळ्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली निघतात.

या गळतीवर कायद्याने काय करता येते, याचा एक हिशेब जपानमध्ये झाला. तिथे नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावे लागते आणि सुमारे ९५ टक्के वेळा बदलते ते बायकोचे. तोहोकू विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ हिरोशी योशिदा यांनी २०२४ साली सातो या आडनावाचे गणित मांडले. सातो आज दीड टक्का आहेत. त्यांचा वाटा एका वर्षात जेवढ्या पटीने वाढला त्याच पटीने वाढत राहिला, तर २४४६ मध्ये निम्मा जपान सातो होईल आणि २५३१ मध्ये झाडून सगळा. जोडप्यांना आपापले आडनाव ठेवायची मुभा दिली, तर त्याच २५३१ मध्ये सातो आठ टक्क्यांच्या आसपास राहतील. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली शासकीय कागदपत्रांत आईचे नाव घालणे बंधनकारक केले. आडनाव त्याने बदलत नाही, पण निदान एका पिढीपुरती ती दुसरी बाजू कागदावर उमटते. मला हा निर्णय मनापासून आवडला.

लताबाईंच्या चार आजी-आजोबांकडे पाहिले तर ही दुसरी बाजू किती मोठी असते ते दिसते. आजोबा गणेशभट्ट, मंगेशीचे पुजारी. आजी येसूबाई राणे. आईचे वडील हरिदास लाड, तापीकाठच्या थाळनेरचे गुजराती व्यापारी, आणि त्यांची पत्नी. चौघांपैकी एकही मंगेशकर नव्हते. येसूबाईंच्या घरातले गाणे दीनानाथांपर्यंत आले आणि त्यांच्याकडून पाचही मुलांकडे गेले. थाळनेरच्या आजीकडून लताबाई लहानपणी गरब्याची गाणी शिकल्या.